लाइन परत देताना

तायडे काका कुठल्याही यंत्रासमोर उभे राहिलेले मी फारसे पाहिले नाहीत. खोलीत शिरले की ते लोखंडी कपाटाला वळसा घालून थेट मागे जायचे. कपाट आणि भिंत यांच्यात हातभर जागा असायची. तिच्यात पोट आत ओढून आडवे शिरायचे, आणि मग बाहेरच्यांना त्यांचा फक्त आवाज यायचा.

"समोर काय बघायचं बावा? समोर दिवे. गिऱ्हाइकाला खूश करायला लावलेले. तारा सगळ्या मागं असतात."

आमची कंपनी लहान. सुरतेच्या उधना भागात एका कापडाच्या गोदामावरच्या मजल्यावर ऑफिस. जिथे फायबर पोचत नाही आणि मोबाइलची रेंज धड नसते, तिथे उपग्रहाची लाइन बसवून देणं हा आमचा धंदा. खाणी, खाडीकाठची पंपघरं, डोंगरातली गोदामं. गच्चीवर छत्री, छत्रीतून खाली एक जाड तार, तारेच्या टोकाला मोडेम, आणि मोडेमच्या दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाचं यंत्र. तायडे काका यातलं सगळं करत, पण त्यांचा जीव होता तो त्या शेवटच्या हातभर केबलीत, जिथे आमचं संपतं आणि गिऱ्हाइकाचं सुरू होतं.

"या मोडेमला दोन तोंडं," ते म्हणायचे. "एक आभाळाकडे, एक गिऱ्हाइकाकडे. आभाळाकडचं बिघडलं तर सगळे मदतीला येतात. हवा खराब, ढग आले, नशीब. गिऱ्हाइकाकडचं बिघडलं की भांडण."

मी लिंबायतचा. वडील लूमवर, आई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. आमच्या घरातच काय, आमच्या आख्ख्या भाऊबंदकीत कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. याचा मला अभिमान आहे आणि तो मी कुणापासून लपवत नाही. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेऊन मी या कंपनीत लागलो तेव्हा मला तायडे काकांच्या हाताखाली दिलं, आणि ते माझ्या मनाला लागलं. काका आयटीआय झालेले. त्यांचे वडील भुसावळकडून रेल्वेच्या कामावर इकडे आलेले. माणूस बुटका, केस पांढरे, खिशात तीन स्क्रू-ड्रायव्हर आणि एक मोकळी रिफिल. ती रिफिल कशाला, ते मला पुढे कळलं. कनेक्टरची वाकलेली पिन तिच्या पोकळ टोकात धरून ते सरळ करायचे, आणि ती तुटलेली मी एकदाही पाहिली नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक केबल दिली. दोन्ही टोकांना पंचवीस-पंचवीस पिनांचे कनेक्टर. म्हणाले, "लाव, इंजिनियर." मला ते शेवटपर्यंत इंजिनियरच म्हणत, आणि त्यात थट्टा किती आणि कौतुक किती हे मला कधी नीट कळलं नाही. मी केबल लावली. मोडेमचा दिवा हिरवा झाला, पण गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर एक अक्षर येईना. मी मोडेम बंद केला, चालू केला, सेटिंग तपासलं, पुन्हा बंद केला. अर्धा तास गेला. काका स्टुलावर बसून शेंगदाणे खात होते.

"झालं का?"

"मोडेम फॉल्टी आहे, काका."

ते उठले, केबल काढली, दोन्ही टोकं माझ्यासमोर धरली. "ही दोन नंबरची पिन. हिच्यावर हा बोलतो. ही तीन नंबर. हिच्यावर ऐकतो. ही केबल मधेच फिरवलेली आहे. बोलणारा बोलणाऱ्याच्या तोंडाला लावला आणि ऐकणारा ऐकणाऱ्याच्या कानाला."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम उलटी दिलीत?"

"हो."

"का?"

"डिग्री कागदावर बघितली होती. म्हटलं माणूस बघू. तू अर्धा तास मोडेमला शिव्या घातल्या. केबलीला एक पण नाही."

घरी जाऊन मी आईला हे सांगितलं नाही. पण महिन्याभरानं काका आमच्या खोलीवर आले तेव्हा आईनंच विषय काढला. आमच्या घरी अहिराणी चालते. चहा पुढे करत तिनं विचारलं, "काय शिकाडतस तुम्ही मना पोरले?"

"शिकवत नाही वहिनी. तो लई शिकलेला आहे. त्याला थोडं विसरायला लावतो."

आई एवढी हसली की टिकल्यांची वाटी लवंडली. त्या टिकल्या काका खाली बसून, एकेक नखानं उचलून, रंग वेगळे करून वाटीत भरत राहिले. अर्धा तास. मला वाटत होतं की कधी एकदा हे उठतात.

पांडेसऱ्याकडच्या एका रंगाई मिलमध्ये त्यांनी जे केलं ते आमच्या धंद्यात अजून सांगतात. मिलमधून त्यांच्या दूरच्या गोदामापर्यंत आमची लाइन होती, आणि ती मधूनमधून उचकी लागल्यासारखी तुटायची. क्षणभर तुटे, परत येई. आमच्या तीन लोकांनी चार दिवस घालवले. छत्री हलवून पाहिली, मोडेम बदलला, जाड तार बदलली. पाचव्या दिवशी काका गेले. कपाटामागे शिरले, आणि काही न करता मनगटावरचं घड्याळ बघत बसले. पाऊण तासानं बाहेर आले.

"दर अकरा मिनिटांनी तुटते," ते म्हणाले. "बिघाड असता तर असा ठरवून आला नसता. इथं घड्याळं दोन आहेत."

झालं होतं असं, की डेटा कुठल्या तालावर पुढे सरकायचा तो ताल मोडेम द्यायचा आणि गिऱ्हाइकाच्या यंत्रानं घ्यायचा, असा आमच्या कामातला नेम. मिलच्या कॉम्प्युटरवाल्यानं आपल्या यंत्रालाही स्वतःचा ताल लावून ठेवला होता. दोन्ही ताल जवळजवळ सारखे. पण केसाएवढा फरक साचत जायचा, आणि अकरा मिनिटांनी एक पाऊल चुकायचं.

काकांनी त्याला सांगितलं, "तुमचं घड्याळ बंद करा, आमचं घ्या."

तो भडकला. "हमारा मशीन किसी के टाइम पे नहीं चलता."

"चलना पडेगा साहेब. नाही तर आमचं मशीन तुमच्या टायमावर चालवा. मला दोन्ही चालतं. पण नवरदेव एकच पाहिजे."

खोलीतले सगळे हसले, तोही हसला आणि सेटिंग बदललं. लाइन त्या दिवसापासून तुटली नाही. निघताना मिलच्या म्हाताऱ्या मॅनेजरनं चहा पाजला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तायडे एटले केवा?" तायडे म्हणजे कुठल्या जातीतले, हा प्रश्न सुरतेत कुणाला कशासाठी विचारतात ते मला माहीत होतं. मी चहाकडे बघायला लागलो.

काका म्हणाले, "मोडेमवाळा." आणि कप खाली ठेवला, तो अर्धा भरलेला होता.

रिक्षात बसल्यावर मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "लोक अजून असंच विचारतात." ते म्हणाले, "विचारू दे. आपण लाइन जोडून दिली ना?" 

काकांना इंग्रजी वाचता येई, लिहिता येत नसे. आमचे रिपोर्ट इंग्रजीत जायचे, आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. काका मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिही. पण सही करण्याआधी त्यांची एक अट असे. "आता हे परत मराठीत सांग." मी लिहिलेलं वाक्य मराठीत उलटं फिरवून सांगायचं, आणि ते त्यांच्या मूळ बोलण्याशी जुळलं नाही तर खोडायचं. एकदा मी झोकात लिहिलं होतं की काम समाधानकारकरीत्या पूर्ण झालं. काका म्हणाले, "मी कुठं म्हटलं समाधानकारक? मी म्हटलं, चालू झालं. गिऱ्हाइकाचं समाधान मी कसं सांगू?" खोडलं.

आणि त्यांचा दुसरा नेम लाइनीचा. चालू लाइनीला हात लावण्याआधी ते ती मागून घेत. जो माणूस पलीकडचा कारभार बघत असेल त्याला नावानं हाक मारून, मोठ्यानं, "लाइन मागतो." तो "दिली" म्हणाला की मगच हात. काम झालं की, "लाइन परत देतो." पण त्याआधी त्याच्याकडून दूरच्या यंत्राचे तीन आकडे वाचून घ्यायचे, दोन मिनिटं थांबायचे, पुन्हा तीन आकडे वाचून घ्यायचे. आकडे हलले असतील तरच लाइन परत.

"आकडे काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं होतं. "हिरवा दिवा आहे की."

"हिरवा दिवा म्हणतो, तार जोडलेली आहे. कुणाशी, ते नाही सांगत."

हे सगळं मी एवढ्या तपशिलात सांगतोय, कारण पुढचं समजायला ते लागतं.

खाडीच्या बाजूला कारखान्यांचं सांडपाणी पुढे ढकलणारं एक पंपघर होतं. तिथे राहायला माणूस नाही. शहराजवळच्या कंट्रोल रूममध्ये भरतभाई नावाचा ऑपरेटर बसायचा आणि आमच्या लाइनीवरून पंप बंद-चालू करायचा. कंत्राटावरचा माणूस, पन्नाशीला आलेला, बोलायला गोड. काकांना बघितलं की उठून उभा राहायचा आणि म्हणायचा, "आवो गुरु, अमारा आकाशवाळा."

त्या दिवशी सकाळी काका आणि मी कंट्रोल रूममध्ये महिन्याच्या तपासणीला गेलो होतो. काकांनी लाइन मागून घेतली. कंट्रोलचा कॉम्प्युटर आणि आमचा मोडेम यांच्यामध्ये एक छोटा डबा असतो. दोघांचे सॉकेट वेगळे, विजेची पातळी वेगळी, ते हा डबा जुळवून देतो. डब्याच्या बाजूला नखाएवढी एक खटकी आहे. ती खाली केली की कॉम्प्युटरनं पाठवलेलं सगळं डब्यातूनच मागे फिरतं, पुढे मोडेमकडे जात नाही. याला लूप म्हणतात. केबल ठीक आहे का ते यानं कळतं. काकांनी खटकी खाली केली, तपासलं, केबल ठीक होती. तपासणीमुळे कॉम्प्युटर सारखा अलार्म वाजवत होता, म्हणून भरतभाईनं अलार्मचा आवाज बंद करून ठेवला होता.

मी तेव्हा गच्चीवर छत्रीचे नट आवळत होतो. दारातून भरतभाईनं विचारलं, "थई गयुं, तायडेभाई?"

आणि काका म्हणाले, "लाइन परत देतो."

आकडे वाचून घेतले नाहीत. खटकी खालीच होती.

दहा-पंधरा मिनिटांनी पंपघरावरून रमणचा फोन आला. रमण तिथे दुरुस्तीला जाणारा फिटर. पंप थांबलेला होता आणि त्याला पंपाचा सांधा घट्ट करायचा होता. तिथे खाली रेंज नसते, तो गच्चीवर चढून बोलत होता. "भरतभाई, लॉक मारी दो, हाथ नाखवो छे." हात आत घालायचा होता, म्हणून भरतभाईनं पंप सुरू होऊ नये यासाठीची लॉकची आज्ञा दिली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या पंपघरातल्या यंत्राची रीत अशी, की आज्ञा मिळाली की ते तीच आज्ञा जशीच्या तशी परत म्हणून दाखवतं. ती परत आली की कंट्रोलचा कॉम्प्युटर समजतो, पोचली. त्या दिवशी आज्ञा डब्यापर्यंत गेली आणि खटकीवरून मागे फिरली. कॉम्प्युटरनं स्वतःचाच आवाज ऐकला आणि पडद्यावर लिहिलं, लॉक झालं. भरतभाईनं फोनवर सांगितलं, "आवी गयुं, नाख हाथ." रमण खाली उतरला.

पंपघराच्या टाकीत पाणी चढलं. पंपाला कुणी लॉक केलेलंच नव्हतं. पाणी वाढलं की तो आपणहून चालू होतो, तसा झाला.

मी गच्चीवरून खाली आलो तेव्हा काका कपाटामागे सामान आवरत होते. डब्यावरची धूळ पुसायला त्यांनी फडकं फिरवलं, आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी खटकी वर केली, हे मला पुढे कळलं. मग तिथूनच म्हणाले, "भरतभाई, आकडे वाचा."

भरतभाईनं वाचले. पातळी अमुक, दाब अमुक. मग तो थांबला. "पंप चालू बतावे छे. केवी रीते?"

फोन त्यानंतर वाजला. रमणच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशी बसली. पंपघरातल्या यंत्राच्या नोंदीत लॉकची आज्ञा नव्हती. कंट्रोलच्या नोंदीत होती, मान्य झाल्याची खूणही होती. वरच्यांनी सोपा अर्थ काढला, की भरतभाईनं लॉक केलंच नाही, नंतर कॉम्प्युटरचं घड्याळ मागे करून नोंद घुसवली. त्याला घरी बसवलं, पोलिसात त्याचं नाव दिलं. आमच्या कंपनीकडे फक्त एक रिपोर्ट मागितला.

आमचे मॅनेजर मेहतासाहेब स्वतः माझ्या टेबलाशी येऊन बसले. काका समोर उभे. खटकीचं मला तोवर माहीत नव्हतं, पण काकांचा चेहरा माहीत होता, आणि मी काही विचारलं नाही. मेहतासाहेबांनी त्यांना आधी आत बोलावून घेतलेलं होतं. मेहतासाहेब सांगत गेले आणि मी चांगल्या इंग्रजीत लिहीत गेलो. एकच वाक्य महत्त्वाचं होतं.

काका म्हणाले, "मराठीत सांग."

मी सांगितलं, "आम्ही निघालो त्या वेळी आमच्या कुठल्याही उपकरणात दोष आढळला नाही."

काकांनी कागद जवळ ओढला. "निघालो त्या वेळी," ते म्हणाले. "हो. हे खरं आहे." आणि सही केली.

त्यानंतरचे दिवस ते कामावर यायचे, पण कपाटामागे जाईनात. मला पाठवत. मी केबल लावली की "बरोबर आहे ना?" असं विचारत, तेही दोनदा, तीनदा. शेंगदाण्याची पुडी टेबलावर तशीच पडून राही. एकदा मी त्यांना बोललो, "काका, तब्येत बरी नाही का?" तर म्हणाले, "तब्येतीला काय झालंय."

मग एका दुपारी भरतभाई आमच्या ऑफिसात आला. आम्हाला वाटलं भांडायला आला. तो खुर्चीच्या टोकावर बसला, पाणी नको म्हणाला, आणि काकांना हळूच विचारलं, "तायडेभाई, तमे तो आ वायर जाणो. मने कहो. मने लॉक आव्युं हतुं ने? के मने एवुं लाग्युं?"

लॉक खरंच आलं होतं की आपल्याला तसं वाटलं, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"घरे बधा पूछे छे. पहेला हुं कहेतो, में जोयुं छे. हवे मने ज खबर नथी. आंख बंद करुं तो लॉक देखाय छे. पण बीजाने नथी देखातुं, तो कदाच..." त्यानं हातानं काहीतरी झटकल्यासारखं केलं. आपण लॉक पाहिलं होतं की नाही, हे आता त्याचं त्यालाच कळेनासं झालं होतं. मग उठला, आम्हाला दोघांना नमस्कार केला आणि जिना उतरून गेला.

काका संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आले. "इंजिनियर, दुसरा रिपोर्ट लिही." आणि त्यांनी मला खटकीचं सांगितलं. सगळं, क्रमानं, तारा समजावून सांगतात तसं.

 मी काय बोललो ते मला लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "काका, सही झालेली आहे. पुरावा कुणाकडे नाही. आणि लिहिलंय ते खोटं कुठे आहे? निघताना खरंच काही नव्हतं."

"ते तूच लिहिलंस ना?"

"हो."

"चांगलं लिहिलंस," ते म्हणाले. थट्टा नव्हती, राग नव्हता. मला त्या दिवशी माझ्या इंग्रजीची पहिल्यांदा किळस आली.

मी लिहिणार नाही असं म्हणालो नाही. फक्त पेन उचललं नाही. त्यांनी माझ्या टेबलावरचे चार कोरे कागद घेतले आणि त्यांच्या जागेवर जाऊन मराठीत लिहायला बसले. त्यांचं अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. चार कागदांवर दीड पान मजकूर झाला, बाकी खोडाखोड.

दुसऱ्या दिवशी मेहतासाहेबांनी ते वाचून घेतलं. आधी ओरडले, मग समजावलं. "तायडे, चलो ठीक आहे. मग निदान लिहा की त्या दिवशी ताप होता. चक्कर आली. काहीतरी लिहा. माणूस आजारी असतो, चूक होते, लोक समजून घेतात."

"ताप नव्हता."

"मग घरचं काही टेन्शन?"

"नव्हतं."

"मग काय झालं?"

"विसरलो."

"तीस वर्षांत नाही विसरलात!"

"म्हणून तर," काका म्हणाले, "आकडे विचारायचे राहिले." याच्यापुढे ते कुणालाच, मलाही, कधी काही बोलले नाहीत. का विसरले हे मला आजही माहीत नाही. मला वाटतं त्यांनाही नसावं.

चौकशीच्या खोलीत मी गेलो, कारण मोडेम जड असतो आणि त्यांना एकट्याला उचलवला नसता. एवढंच मी केलं. लांब टेबल, पलीकडे तीन साहेब, बाजूला भरतभाई. काकांचा मराठी कागद मधल्या साहेबांनी उलटसुलट करून पाहिला. "आ शुं छे? गुजराती के इंग्लिशमां आपो."

"कागद राहू द्या साहेब. दाखवतो."

त्यांनी टेबलावर मोडेम मांडला, तो छोटा डबा मांडला, कंट्रोल रूममधून आणवलेला कॉम्प्युटर जोडला. त्या खोलीत पहिल्यांदाच मी त्यांना यंत्राच्या समोरच्या बाजूला उभं राहून काम करताना पाहिलं. मग त्यांनी खटकी खाली केली, आणि मोडेमकडे जाणारी केबल कनेक्टरातून उपसून काढून हातात धरली. तिचं टोक साहेबांच्या तोंडासमोर नेलं, पिना दिसतील असं.

"साहेब, ही केबल सुटी आहे. याच्या पुढे आभाळ नाही, पंप नाही, काही नाही. आता तुम्ही लॉक करा."

साहेबांनी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली. लॉक झालं.

 साहेबांनी लॉक काढलं, पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा शेजारच्या साहेबांनी करून पाहिलं. भरतभाई उठून टेबलापाशी आला होता. तो त्या अक्षरांकडे बघत होता, ओठ हलत होते. मग तो काकांकडे वळला. मला वाटलं आता मारतो. त्यानं काकांच्या हातातली केबल घेतली, टोक बघितलं, परत त्यांच्या हातात दिली, आणि आपल्या खुर्चीवर जाऊन दोन्ही हातांत तोंड घालून बसला.

"तो तमे जाते ज कहो छो के भूल तमारी?" मधल्या साहेबांनी विचारलं.

"हा," काका म्हणाले.

आमच्या कंपनीनं त्यांना त्याच आठवड्यात काढलं. पोलिसातल्या कागदावर भरतभाईचं नाव खोडून काकांचं आलं. भरतभाईला पुन्हा कामावर घेतलं, पण दुसरीकडे, आणि तो काकांशी बोलला नाही. त्याला का बोलावंसं वाटावं? दहा दिवस त्याचं घर जळत होतं आणि पाणी काकांच्या हातात होतं. मी हे काकांची बाजू घेणाऱ्या माझ्या दोस्तांनाही सांगतो. आणि माझं त्याहून वाईट, हेही सांगतो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते चौकशीच्या शेवटच्या दिवशी, त्याच खोलीत. सगळ्यांच्या जबान्यांवर सह्या व्हायच्या होत्या. मला मोडेम परत न्यायला बोलावलं होतं. रमण आला होता, उजवा हात पट्टीत, सोबत बायको. कारकुनानं त्याची जबानी गुजरातीत वाचून दाखवली. अपघात टेक्निशियन तायडे यांच्या निष्काळजीपणामुळे झाला, असं त्यात शेवटी होतं. वाचताना कारकून तिथे अडखळला, कारण काका टेबलाच्या या बाजूला, रमणच्या शेजारीच बसलेले होते. काका म्हणाले, "वाचा, वाचा."

रमणनं मान डोलावली. पेन डाव्या हातात घेतलं. त्याला डाव्या हातानं लिहायची सवय नव्हती. वर पंखा फिरत होता, कागद उडत होता, आणि धरायला त्याचा दुसरा हात नव्हता. पेन टेकलं की कागद सरकायचा. एकदा सरकला. दुसऱ्यांदा सरकला. बायको पुढे व्हायला लागली, पण ती मागे, भिंतीशी होती.

काकांनी आपला हात लांब केला आणि पंजा पसरून कागद टेबलावर घट्ट दाबून धरला. रमणनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि त्या पंजाच्या शेजारच्या जागेत, एकेक अक्षर काढत, सही करायला लागला. त्याला खूप वेळ लागला. काकांनी हात हलवला नाही.